चॉकलेटचे रसग्रहण

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

'रसग्रहण' हा शब्द आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो मुळात जिभेशी संबंधित आहे याचा आम्हाला विसरच पडतो. कवितेच्या आठ ओळी समोर आल्या की आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य असे तीन परिच्छेद लिहून आम्ही मोकळे होतो. पण खरोखरीच जिभेवर ठेवलेल्या पदार्थाचे रसग्रहण करा म्हटले तर 'छान आहे', 'बरा आहे' आणि 'काही खास नाही' यापलीकडे लेखणी सरकत नाही. याचा अनुभव गेल्या जानेवारीत एका प्रात्यक्षिकाच्या वेळी आला. त्या प्रात्यक्षिकाची, आणि त्यानिमित्ताने चॉकलेटविषयी जे वाचावे लागले त्याची, हकीकत येथे मांडावयाची आहे.

प्रात्यक्षिकाचा विषय होता परीक्षकाची विश्वसनीयता. एकाच वस्तूला निरनिराळे परीक्षक, किंवा एकच परीक्षक निरनिराळ्या वेळी, सारखेच गुण देतो काय? हस्ताक्षराचे नमुने तपासावयास द्यावेत असे सरांच्या मनात होते. परंतु वर्गातील एका मैत्रिणीचा मामा बोटीवर नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने भाचीसाठी बंदराबंदरातून चॉकलेटे आणली होती, आणि तिने ती मोठ्या मनाने विभागाला देऊ केली. एक स्विस, एक इंग्लिश, एक अमेरिकन, एक रशियन, आणि इटलीची दोन: एक तुरीनकडचे, दुसरे सिसिलीतले. कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानातून आम्ही एक भारतीय चॉकलेट विकत आणले. असे सात नमुने झाले. हस्ताक्षरे मागे पडली हे सांगावयास नकोच.

पहिल्या फेरीत वेष्टने समोर ठेवून चाखावयाचे आणि दहापैकी गुण द्यावयाचे असे ठरले. अकरा परीक्षक होते. स्विस चॉकलेट पहिले आले आणि आपले देशी चॉकलेट शेवटून दुसरे. मी स्वतः स्विसला नऊ आणि देशीला पाच गुण दिले. रशियन चॉकलेटच्या वेळी तर चवीपेक्षा वेष्टनावरच चर्चा अधिक झाली. त्यावर अस्वलांचे चित्र होते आणि ते इव्हान शिश्किन यांच्या १८८९ सालच्या 'पाइनच्या अरण्यातील सकाळ' या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेले आहे, हे आमच्यातील एका चित्रकलाप्रेमीने सांगितले. ते कळताच दोघांनी आपले गुण खोडून वाढवले. सर काही बोलले नाहीत. वहीत टिपून मात्र ठेवले.

आमच्यात भूम तालुक्यातला एक मुलगा आहे. वसतिगृहात राहतो, मोजके बोलतो. त्याने स्विस चॉकलेटला चार गुण दिले. शेरा लिहिला, 'दूध कच्चं वाटतं.' वर्गात हशा पिकला. मी म्हणाले, "अरे, हा काय पेढा आहे का?" त्यावर तोही हसला आणि गप्प बसला.

अहवाल लिहावयाचा तर पदार्थ समजून घेणे भाग होते. म्हणून पुढचा आठवडा ग्रंथालयात गेला. कोकोच्या झाडाला लिनियसने १७५३ साली 'थिओब्रोमा' असे नाव दिले; त्याचा अर्थ देवांचे अन्न. प्रत्यक्षात शेंगेतून काढलेली बी खाऊन पाहिली तर देव तोंड वाकडे करतील इतकी ती कडू आणि तुरट असते. बिया गरासकट पाचसात दिवस आंबवाव्या लागतात, उन्हात वाळवाव्या लागतात, भाजाव्या लागतात. तेव्हा कुठे चॉकलेटचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो येतो. बीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग निव्वळ चरबी असतो. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हॅन हौटेन यांनी ही चरबी दाबून वेगळी काढण्याची युक्ती शोधली. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने तीच चरबी पुन्हा वरून घालून साच्यात ओतता येईल अशी वडी बनवली. तोवर चॉकलेट ही प्यावयाची वस्तू होती, तेव्हापासून ती खावयाची झाली.

या चरबीचा, म्हणजे कोको बटरचा, स्वभाव मोठा लहरी आहे. ती सहा निरनिराळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते आणि कारखानदाराला हवा असतो त्यांपैकी पाचवा. तो जमला तर वडी चकचकीत दिसते, मोडताना टक्कन आवाज करते आणि साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या तोंडाचे तापमान त्याहून किंचित अधिक. जिभेवर ठेवताच चॉकलेट विरघळते आणि क्षणभर थंडावा वाटतो, ते यामुळे. चॉकलेटची निम्मी मोहिनी चवीत नसून या दोनतीन अंशांच्या फरकात आहे असे माझे मत झाले आहे. उन्हात पडून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो, तोही याच स्फटिकांचा खेळ. आमच्या वसतिगृहातील एका भगिनीने असे चॉकलेट बुरशी आली म्हणून फेकून दिले होते. ती अद्याप हळहळते.

खरी गुंतागुंत आहे ती दुधात. चॉकलेटला पाण्याचे वावडे, आणि दूध म्हणजे बहुतांशी पाणी. त्यामुळे दुधातले पाणी काढल्याखेरीज दुधाचे चॉकलेट होणे नाही. हे कोडे स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी दानिएल पेटर यांनी १८७५ साली सोडवले. १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंट यांनी शिंपल्याच्या आकाराचे घोटणयंत्र बनवले. त्यात तासन् तास घोटल्यावर आंबवण्याच्या वेळचा आंबट वास उडून जातो आणि सगळे कण चरबीत माखले जातात. यंत्र चुकून शनिवार-रविवार चालू राहिले आणि शोध लागला अशी दंतकथा सांगतात. जिभेला साधारण तीस मायक्रॉनहून लहान कण जाणवत नाहीत. स्विस चॉकलेटचा मऊपणा तो हाच.

इंग्लंडमध्ये मात्र वेगळी वाट चोखाळली गेली. तिकडे वसंतात आणि उन्हाळ्यात दुधाची रेलचेल आणि चॉकलेटची मागणी नाताळ-ईस्टरला. दूध टिकवावे कसे? त्यांनी ते साखर घालून आटवले, त्यात कोकोचा लगदा मिसळला आणि सगळे वाळवून त्याचा कोरडा चुरा करून ठेवला. हा चुरा महिनोन् महिने टिकतो. कॅडबरीचे 'डेअरी मिल्क' १९०५ साली निघाले ते याच घराण्यातले. आटवताना दूध आणि साखर तापतात आणि त्यातून एक शिजलेली, किंचित खरपूस चव येते. ज्या घरात खवा होतो त्या घरात ही चव काय असते ते समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे इंग्लिश धर्तीचे चॉकलेट १९४८ पासून मुंबईत आले आणि बघता बघता 'चॉकलेट' या शब्दाचा अर्थच होऊन बसले. त्याला इतर कारणे पुष्कळ असतील, पण पेढ्यावर वाढलेल्या जिभेला ते परके वाटले नाही हेही एक असावे असे मला वाटते.

अमेरिकेचा प्रकार आणखी निराळा. मिल्टन हर्शी यांनी १९०० साली पेन्सिल्व्हेनियात दुधाचे चॉकलेट विकावयास सुरुवात केली. तिकडच्या चवीत एक आंबूस छटा असते. दुधातील मेदाचे थोडेसे विघटन होऊन तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लाची ती, असे अन्नतज्ज्ञ मानतात. हेच आम्ल जुन्या लोण्यात आणि इटलीच्या परमेझान चीजमध्ये असते. युरोपातील माणसे ते चाखून नाक मुरडतात, आणि अमेरिकन माणसाला ती छटा नसेल तर चॉकलेट अपुरे वाटते. आमच्या वर्गात बहुतेकांनी 'खवट' असा शेरा लिहिला. एकीने 'साठवणीच्या लोण्यासारखे' असे लिहिले आणि आठ गुण दिले. तिच्या आजोळी साठवणीचे लोणी कढवून तूप करतात. एकच चव, दोन शेरे, आणि दोघांचेही खरे.

सिसिलीतल्या चॉकलेटवर तर आम्ही सरळसरळ अन्याय केला. ते मोदिका गावचे होते. तिथे कोकोचा लगदा जेमतेम कोमट करून त्यात साखर मिसळतात आणि घोटण्याचा प्रकारच करीत नाहीत. साखरेचे कण तसेच राहतात आणि दाताखाली कचकचतात. सिसिली स्पेनच्या अमलाखाली असताना मेक्सिकोची दगडावर वाटण्याची जुनी रीत तिथे पोहोचली, असे परंपरेने सांगतात. २०१८ साली युरोपीय संघाने या चॉकलेटला भौगोलिक नामाचे संरक्षण दिले. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. 'साखर विरघळलेली नाही', 'शिळे', 'बनवताना चुकलेले' असे शेरे पडले आणि ते सातवे आले. मराठीत तुपाला आपण 'रवाळ' म्हणतो तेव्हा ती स्तुती असते. तोच रवाळपणा चॉकलेटमध्ये दोष ठरला, कारण चॉकलेट मऊच असावयाचे हे आमच्या मनात आधीच पक्के झालेले होते. लोकगीताला मुक्तछंदाच्या कसोट्या लावाव्यात त्यातलाच हा प्रकार. तुरीनच्या चॉकलेटचे नशीब बरे, कारण त्यातील हेझलनटची चव आपल्या भाजलेल्या दाण्यांच्या जवळची. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे कोको दुर्मिळ झाला, तेव्हा पिएमाँतमधील कारागिरांनी स्थानिक हेझलनट वाटून त्यात घातले अशी त्याची कथा आहे. ते सर्वांना आवडले. अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

चॉकलेट कशाला म्हणावे यावरून माणसे किती हट्टाला पेटू शकतात याचे उदाहरण युरोपने घालून दिले आहे. १९७३ साली ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. त्यांच्याकडे चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज थोडी अन्य वनस्पतिजन्य चरबी घालण्याची प्रथा होती. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन यांचे म्हणणे, की हे चॉकलेटच नव्हे. इटली आणि स्पेन तर अशा मालावर 'चॉकलेटचा पर्याय' असे छापावयास लावीत. हा वाद जवळजवळ तीस वर्षे चालला. अखेर २००० सालच्या निर्देशानुसार सर्व सदस्य देशांत पाच टक्क्यांपर्यंत अन्य चरबीला मुभा मिळाली, पण वेष्टनावर तसे छापण्याच्या अटीवर. १६ जानेवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने इटली व स्पेन यांच्याविरुद्ध निकाल दिला. दुधाच्या चॉकलेटच्या नावावरही तडजोड झाली. एरवी त्यात कोकोचा अंश निदान २५ टक्के हवा. भरपूर दूध आणि २० टक्केच कोको असलेला इंग्लिश धर्तीचा माल ब्रिटन-आयर्लंडबाहेर 'कौटुंबिक दुग्ध चॉकलेट' या नावाने विकावा असे ठरले. अमेरिकेत हेच प्रमाण १० टक्के असले तरी चालते! एकाच वडीचे नाव सीमा ओलांडताना बदलते ते असे.

त्या निर्देशात ज्या सहा चरब्यांना परवानगी आहे त्यांची यादी वाचताना मी थबकले. पाम, शीया, इलिपे. आणि पुढे साल वृक्षाची, आंब्याच्या कोयीची व कोकमाची. कोकमाच्या बियांचे तेल! माझी आजी रत्नागिरीकडची. थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकमतेलाचा पांढरा गोळा निखाऱ्यावर धरून ती भेगांत सोडीत असे. ब्रसेल्समध्ये बसलेल्या मुत्सद्द्यांनी ज्यावर वर्षानुवर्षे खल केला त्या वस्तूंपैकी एक आमच्या घरी देवळीत कागदात गुंडाळून ठेवलेली असे. आजीला ही बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "खातात? खाऊ देत. पायांना मात्र तेच बरं."

दुसऱ्या फेरीची तयारी सरांनी स्वतः केली. वेष्टने काढून सारख्या आकाराचे तुकडे सारख्या बशांत ठेवले आणि बशांना तीन आकडी क्रमांक दिले. एक-दोन-तीन असे क्रमांक दिले तर पहिल्याला नकळत झुकते माप मिळते. प्रत्येकाला बशांचा क्रम वेगळा होता, कारण गोडानंतर आलेले गोड फिके लागते आणि कडूनंतर आलेले अधिक गोड. मध्ये पिण्यासाठी कोमट पाणी. गार पाण्याने तोंडात चरबी गोठून राहते. शिवाय बिनमिठाची पोळी. सुरुवातीला सरांनी एक प्रयोग करून दाखवला, तो वाचकांनीही घरी करून पाहावा. नाक चिमटीत धरून चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवावा. फक्त गोड आणि किंचित कडू एवढेच कळते. आता चिमटी सोडावी. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि एकाएकी 'चॉकलेट' उमटते. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाचा असतो हे पुस्तकात वाचणे निराळे आणि असे अनुभवणे निराळे.

या वेळी बशा सात नव्हत्या, आठ होत्या. एक नमुना दोनदा ठेवला आहे हे सरांनी आम्हाला सांगितले नव्हते.

गुणांपुढे शेऱ्यासाठी रकाना होता आणि 'छान' हा शब्द वापरण्यास मनाई होती. येथे आमची फारच त्रेधा उडाली. आयुर्वेदाने सहा रस सांगितले आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. पण तिथेही घोटाळा. संस्कृतातील कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. एकाने कोकोला कटु लिहिले तेव्हा त्याला मिरची म्हणावयाचे होते की कारले यावर पाच मिनिटे गेली. इंग्रजी पुस्तकांत चॉकलेटची वर्णने करताना रासबेरी, तंबाखू, चामडे असले शब्द येतात. ते आमच्या कामाचे नव्हते. शेवटी ज्याला जे आठवले ते त्याने लिहिले. जुना गूळ, भाजलेले दाणे, उतू गेलेले दूध, आमसूल, पावसाळ्यात उघडलेले कपाट. रकाना भरू लागला.

क्रमांक उघडले तेव्हा माझे काय झाले ते सांगते. देशी चॉकलेटला मी आठ गुण दिले होते, पहिल्या फेरीपेक्षा तीन अधिक. स्विसला सहा. दोनदा ठेवलेला नमुना इंग्लिश चॉकलेटचा होता, ४१८ आणि ७५२ क्रमांकांच्या बशांत. ४१८ ला मी सात गुण देऊन 'भरदार, ओळखीचे' असा शेरा लिहिला होता. ७५२ ला चार गुण आणि 'फार गोड, उथळ'. ७५२ माझ्या क्रमात तुरीनच्या चॉकलेटनंतर लगेच आलेले, त्याचा हा परिणाम असावा. पण ते स्पष्टीकरण झाले; गुण मीच दिले होते. इतरांची गत फारशी वेगळी नव्हती. रशियन चॉकलेटचे गुण ज्या दोघांनी खोडून वाढवले होते, त्यांनी अस्वले दिसेनाशी झाल्यावर ते पहिल्याहूनही खाली आणले.

अकरा जणांत एकाच कागदावर ४१८ आणि ७५२ एका कंसात बांधलेले होते आणि पुढे लिहिले होते, 'दोन्ही एकच.' कागद भूमच्या मुलाचा होता. त्याने स्विसला या वेळीही चारच गुण दिले होते आणि शेराही तोच, 'दूध कच्चं.' इंग्लिश चॉकलेटपुढे त्याचा शेरा होता, 'दूध लागलंय, पण मुद्दाम लावलंय.' दूध आटवून, तापवून, साखरेबरोबर वाळवतात हे मला कळावयास ग्रंथालयात एक आठवडा गेला होता. सरांनी विचारले, हे कशावरून? तो म्हणाला, त्यांच्या घरी खव्याची भट्टी आहे. कढईच्या बुडाला दूध लागायच्या आधी एक वास येतो, तो आला की झारा जोरात फिरवायचा, आणि त्या वासाच्या जरा पुढे गेले की खवा टाकून द्यावा लागतो. लहानपणी तो वास ओळखण्याचे काम त्याच्याकडे होते.

अहवालात पहिल्या फेरीतील त्याच्या गुणांपुढे मी 'परीक्षक पदार्थाशी अपरिचित' अशी टीप आधीच लिहून ठेवली होती. ती मी खोडली. सरांनी ती खोडलेली तशीच राहू द्यावी, कागद बदलू नये, असे सांगितले. आजही अहवालात ती तशीच आहे.

मार्चमध्ये तो गावाहून परतला तेव्हा त्याने खव्याचे दोन गोळे आणले. एक म्हशीच्या दुधाचा, एक गाईच्या. रंगावरून कळू नये म्हणून त्याने आमचे डोळे बांधले. दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी चुकले.